सिंगापुरात एकच दिवस असेल तर: आधी बाजार, मग बाग, मग ताट

प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियाहून परतताना ऑक्टोबरात सिंगापुरात एक पूर्ण दिवस मिळतोय. सोबत आईबाबा. आई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि गुडघे दुखतात. बाबांना मासे हवेत. मॉल, राइड्स, उंच इमारती दोघांनाही नकोत. बाजार, झाडं आणि तिथलं खरं खाणं बघायचं आहे. दिवस कसा लावावा?

मी सोळा वर्षं सिंगापुरात राहते आणि त्यातली अकरा वर्षं पाहुण्यांना पायी फिरवण्याचं काम करते. तुमच्यासारख्या आईबाबांना घेऊन मी अनेकदा फिरले आहे, म्हणून मोकळेपणानं सांगते. दिवसभरात तीन गोष्टी करा, चौथी करू नका. सकाळी टेक्का बाजार, त्यानंतर बोटॅनिक गार्डन्स, दुपारी मॅक्सवेलच्या हॉकर सेंटरमध्ये जेवण. संध्याकाळी ताकद उरली तर मरीना बेवरची बाग, नाहीतर हॉटेलात पाय वर करून पडा.

हा क्रम बदलू नका. सगळे सांगतात की सकाळी गार असताना बाग करा, बाजार नंतर. सुरुवातीच्या काळात मीही तसंच करायचे. एकदा नागपूरच्या एका कुटुंबाला घेऊन साडेअकराला टेक्काला पोचले, तर फरशीवर पाण्याचे पाइप सुरू झाले होते, मासळीवाले बर्फ ओतून देत होते, आणि वार सोमवार असल्यानं निम्मे गाळे मुळात उघडलेच नव्हते. तेव्हापासून बाजार पहिला. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाजारात जे पान, जो कंद हातात घेऊन हुंगला, तोच दोन तासांनी बागेत जमिनीतून उगवलेला दिसतो आणि दुपारी ताटात चवीला येतो. उलट्या क्रमानं गेलात तर बागेतलं झाड नुसतंच हिरवं दिसतं, त्याची ओळख पटत नाही.

सिंगापूर विषुववृत्ताच्या जवळजवळ वरच आहे, त्यामुळे वर्षभर सातच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या सुमारास मावळतं. घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. टेक्कासाठी लिटल इंडिया स्टेशनवर सव्वासातला उतरा. एमआरटीसाठी, म्हणजे इथल्या मेट्रोसाठी, वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, टॅप करून चालणारं बँकेचं कार्ड फाटकावर चालतं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि बँकेकडून परदेशातला वापर आधी सुरू करून घ्यायला हवा. खाण्याच्या गाळ्यांसाठी मात्र दोन आणि पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. व्हिसा आणि आगमनाआधीच्या तीन दिवसांत भरायचं फुकटचं अरायव्हल कार्ड हे दोन्ही तिकीट काढतानाच लक्षात घ्या. एका दिवसाचा मुक्काम असला तरी विमानतळाबाहेर पडायला ते लागतं.

टेक्का हा हॉक्किएन या चिनी बोलीतला शब्द, अर्थ साधारण बांबूच्या बेटाचा पायथा. जुन्या बाजाराचं मलय नाव होतं कांडांग केरबाऊ, म्हणजे म्हशींचा गोठा. इथे गुरांचा व्यापार चालायचा आणि शेजारच्या गल्लीला आजही बफेलो रोड म्हणतात. तो जुना बाजार १९१५ चा. आताची इमारत १९८२ ची: तळमजल्यावर भाजी, मासळी, मटण आणि खाण्याचे गाळे, वर कपडे. बाहेरून इमारतीत बघण्यासारखं काही नाही, सरळ आत शिरा.

बाबांना आधी मासळीकडे न्या. पापलेटला इथे बावाल, बांगड्याला केंबुंग आणि सुरमईला तेंगिरी म्हणतात. नावं माहीत असली की विकणारा तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघतो आणि बोलू लागतो. मालवण किंवा वसईकडचे पाहुणे इथे अर्धा तास हलत नाहीत, गाल उघडून बघतात, भाव विचारतात. घेणार नसलात तर हात लावू नका, फोटो काढण्याआधी विचारा आणि आठ ते नऊच्या गर्दीत वाटेत उभे राहू नका. फरशी ओली असते. आईंच्या पायात मागून पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या चपला हव्यात. हे एवढं मात्र ऐकाच.

आईंचा वेळ भाजीत जाईल. कढीपत्ता, शेवगा, केळफूल, सुरण हे सगळं घरचंच. त्यांना थांबवायचं ते चार गोष्टींपाशी. पहिली पांदान, लांब गडद हिरव्या पात्यांची जुडी. एक पातं चुरून त्यांच्या नाकाशी धरा. आंबेमोहोर भाताचा वास येईल. तो भास नसतो, सुवासिक तांदळात आणि या पानात वासाचा घटक एकच आहे. पांदान ही आपल्या केवड्याच्या कुळातली. दुसरी लेंकुआस, आल्यासारखा दिसणारा पण जास्त कडक कंद, ज्याच्या वासात कापराची छटा असते. तिसरी बुंगा कांतान, म्हणजे आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी, मिटलेली कळी. इथे ती कच्ची, बारीक चिरून खातात. चौथी वस्तू आईंना दाखवा पण त्यांच्या ताटात येऊ देऊ नका: बेलाचान, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीच्या पिठाची तपकिरी वडी. त्याबद्दल पुढे सांगते.

ओल्या नारळाचा गाळा चुकवू नका. यंत्रावर नारळ समोर किसून देतात, आणि पाठीच्या तपकिरी सालीसकट हवा की नुसता पांढरा, असं विचारतात. गणपतीच्या दिवसांत मी उकडीच्या मोदकांसाठी इथूनच पांढरा चव नेते. फळांत मँगोस्टीन दिसलं तर घ्या. ते आपल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या वंशातलं. जाड जांभळी साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडायची, आत पांढऱ्या गोड फोडी. सालीच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, रातांब्याला शोभेल असाच. चिकूला मलय भाषेतही चिकूच म्हणतात. दुरियान हंगाम असेल तर बाहेरच खा, एमआरटीत न्यायला बंदी आहे आणि हॉटेलंही आत येऊ देत नाहीत. तो उष्ण आणि मँगोस्टीन थंड, म्हणून दोन्ही सोबत खावीत असं इथले म्हातारे सांगतात. आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

मग बफेलो रोडवर या. फुलांची दुकानं लागतील: मोगरा, शेवंती, लाल गुलाबाचे ओवलेले हार. आईंनी एक गजरा घ्यावा.

नाश्त्याबद्दल मतभेद होतात. बाजारातच अप्पम आणि डोसे मिळतात, डोशाला इथे तोसाई म्हणतात, आणि चव चांगली असते. पण एकाच हॉलमध्ये शेजारी मटण बिर्याणीची डेग आणि माशाचा रस्सा असतो. आईंना तो वास आणि ती सरमिसळ नको असेल तर चालत सेरांगून रोडवर कोमला विलासला जा. १९४७ पासूनची संपूर्ण शाकाहारी खानावळ आहे. बाबांना मात्र बाजारातच खाऊ द्या आणि वर एक ग्लास तेह हालिया पाजा, म्हणजे आलं घातलेला, दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळवलेला चहा. कंडेन्स्ड मिल्कमुळे तो फार गोड असतो. कमी गोड हवा तर ‘सिऊ दाई’ म्हणा, अजिबात साखर नको तर ‘कोसोंग’. हे दोन शब्द दिवसभर उपयोगी पडतात. इथल्या कोपीत, म्हणजे कॉफीत, भाजतानाच बियांना साखर आणि लोणी लावलेलं असतं, म्हणून ती काळीकुट्ट आणि खमंग लागते. कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क, कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, कोपी-सी म्हणजे आटवलेल्या बिनगोड दुधाची.

नऊ-सव्वानऊला निघा. लिटल इंडियाहून डाउनटाउन लाइननं तिसरं स्टेशन बोटॅनिक गार्डन्स. गुडघ्यांसाठी एक निर्णय आधी घ्या: एका टोकाच्या या स्टेशनापासून दुसऱ्या टोकाच्या टँगलिन फाटकापर्यंत पूर्ण बाग चालायची, तर वळसे धरून तीनेक किलोमीटर होतात. आईंना ते जड वाटत असेल तर टेक्काहून टॅक्सी करून थेट नॅसिम फाटकावर उतरा, ऑर्किड आणि आल्याची बाग जवळ पडते. चालणार असाल तर मात्र बुकित तिमाह फाटकाजवळची एथ्नोबॉटनी बाग जरूर बघा. या भागातले लोक ज्या झाडांचं खाणं, औषध, दोर, रंग करतात ती झाडं तिथे लावली आहेत, आणि सकाळच्या पिशवीतली नावं पाट्यांवर सापडायला लागतात.

बाग १८५९ ची आहे, ८२ हेक्टरांची, पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी आणि फुकट. २०१५ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याआधीही एक बाग होती: १८२२ मध्ये ब्रिटिशांचं सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सनं फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर जायफळ आणि लवंग लावून बघण्यासाठी बाग काढली होती, ती १८२९ मध्ये बंद पडली. पुढे शहरभर जायफळाचं वेड पसरलं. आज जिथे मॉलची रांग आहे त्या ऑर्चर्ड रोडचं नावही तिथल्या जायफळ-मिऱ्यांच्या मळ्यांवरून पडलेलं. रोग पडला आणि मळे गेले. कोकणात पोफळीच्या सावलीत जायफळ लावणाऱ्या पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ते आधी रोग कोणता होता ते विचारतात.

मग आलं रबर. ब्राझीलमधलं बी लंडनच्या क्यू बागेत रुजलं आणि १८७७ मध्ये त्यातली रोपं इथे पोचली. १८८८ मध्ये हेन्री रिडली बागेचे संचालक झाले. झाड न मारता, सालीवर तिरपे काप देत वर्षानुवर्षं चीक काढत राहायची पद्धत त्यांनी बसवली, आणि मळेवाल्यांनी रबर लावावं म्हणून ते इतके मागे लागायचे की लोक त्यांना वेडा रिडली म्हणत. १९२० पर्यंत जगातलं जवळजवळ निम्मं रबर मलाया प्रदेशातून जाऊ लागलं. या हिरवळीचा असा हिशेब आहे. इथे झाडं शोभेसाठी नव्हे, बाजारासाठी लावली गेली, आणि म्हणूनच ही बाग टेक्कानंतर बघायची.

ऑर्किड बागेला तिकीट आहे, परदेशी प्रौढांना १५ डॉलर, साठीपुढच्यांना सवलत. इतर ठिकाणी मी पैसे वाचवायला सांगते, इथे नाही. हजारभर मूळ जाती आणि दोनेक हजार संकर आहेत. वांदा मिस जोकीम शोधा. ॲग्नेस जोकीम या आर्मेनियन बाईंच्या सिंगापुरातल्या बागेत ते फूल आलं, रिडलींनी १८९३ मध्ये त्याची नोंद केली, आणि १९८१ पासून ते देशाचं राष्ट्रीय फूल आहे. बाकी बागेत पाट्या वाचत बसू नका, बाकावर बसून बघा.

शेजारीच आल्याची बाग. माझी सगळ्यात आवडती जागा. हळद, लेंकुआस, वेलदोडा, केळी, कर्दळी ही एकमेकांची नातलग मंडळी इथे एकत्र नांदतात. सकाळी मिटलेली बुंगा कांतान इथे उमलली की मेणाच्या कमळासारखी दिसते, आणि ती झाडाच्या शेंड्याला नव्हे, जमिनीतून निघालेल्या वेगळ्या दांड्यावर येते. आपल्या रानहळदीच्या फुलांशी नातं लगेच जाणवतं. पुण्याच्या एका काकूंनी इथे उभं राहून हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची कृती माझ्याकडून इंग्रजीत बोलवून बागेतल्या माळ्याला सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि आपली आई त्याच पानात मासे गुंडाळते असं म्हणाला.

तिथून टँगलिन फाटकाकडे उतरताना मोठा तेंबुसू लागेल. बाग व्हायच्या आधीपासूनचं झाड, इथल्या पाच डॉलरच्या नोटेच्या मागे छापलेलं. नोट काढून बाबांना जुळवू द्या. तळ्याकाठी पाणघोरपडी ऊन खात असतात, त्या अंगावर येत नाहीत. रानकोंबडेही फिरतात.

टँगलिन फाटकाजवळच्या नेपियर स्टेशनहून थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइननं थेट मॅक्सवेल, सहा स्टेशनं, गाडी बदलायची नाही. पण बारा ते दीडमध्ये पोचू नका, आसपासच्या सगळ्या कचेऱ्या तिथे जेवायला उतरतात. पावणेदोनला जा.

हॉकर सेंटर म्हणजे काय ते आईबाबांना जाता जाता सांगा. हे विक्रेते पूर्वी गाड्या आणि कावडी घेऊन रस्त्यावर असायचे. साठच्या दशकाच्या अखेरीला सरकारनं त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना छपराखाली, नळ आणि गटार असलेल्या जागी आणून बसवलं. हटवलं नाही, बसवलं. आपल्या शहरांतल्या फेरीवाल्यांचे हाल बघताना मला हा फरक नेहमी टोचतो. २०२० मध्ये ही हॉकर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. एकेक गाळा एकच पदार्थ तीस-चाळीस वर्षं करतो. बरेच मालक आता साठीच्या घरात आहेत आणि मुलं त्या धगीत उभी राहायला तयार नाहीत. खाऊन आवडलं तर तसं सांगा, पण रांग नसताना.

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच करा. जेवण झालं की ताट ठरलेल्या मांडणीवर नेऊन ठेवायचं. ही सक्ती आहे, न ठेवल्यास दंड होऊ शकतो.

बाबांसाठी माशाच्या कापांचं सूप आणि तांदळाच्या शेवया घ्या: हलकं, आल्याच्या वासाचं, दुपारी जड होत नाही. सोबत ओताह, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं मसाल्याचं माशाचं वाटण. त्यात लेंकुआस आणि हळद ओळखायला सांगा. चिकन राइसच्या लांब रांगेत तुम्ही स्वतः उभे राहिलात तर हरकत नाही. तो भात कोंबडीच्या रश्शात पांदान घालून शिजवतात, आणि मला कोंबडीपेक्षा तो भातच मोठा वाटतो.

आता आईंचं. ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. भाजी दिसली की लोक हो म्हणतात, आणि त्या भाजीत सुकी कोळंबी, बेलाचान किंवा डुकराची चरबी असू शकते. नुसत्या काकडी-अननसाच्या रोजाकलाही कोळंबीचा काळा पाक लावलेला असतो. लाक्सा म्हणजे नारळाच्या रश्शातल्या शेवया, त्या रश्शाची सुरुवातच सुक्या कोळंबीनं होते. म्हणून नावं घेऊन विचारा: मासा नको, कोळंबी नको, बेलाचान नको, अंडं नको, चरबी नको. मॅक्सवेलच्या समोरच बुद्धाच्या दाताचं मोठं मंदिर आहे, त्याच्या तळघरात शाकाहारी जेवण मिळतं. मी आयांना तिथेच नेते. चिनी बौद्धांचं शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ते चालतं. दोन सूचना: अंड्याबद्दल तिथेही विचारा, आणि सोयाबीन व गव्हाच्या सत्त्वापासून केलेले मांसासारखे दिसणारे तुकडे ताटात आले तर दचकू नका. आईंना हे आधीच सांगून ठेवा. माझ्याबरोबरच्या एक आजी असा तुकडा बघून जेवणावरून उठल्या होत्या आणि कितीही समजावलं तरी परत बसल्या नाहीत.

गोडात ओंदे-ओंदे घ्या. पांदानच्या हिरव्या, चिकट तांदळाच्या गोळ्या, बाहेर ओलं खोबरं, आणि चावल्यावर आत वितळलेला गूळ. अखंड तोंडात टाका, अर्धा चावलात तर पाक कपड्यांवर. कुएह दादर म्हणजे हिरव्या घावनात मोदकाच्या सारणासारखंच सारण. घावनात बहुधा अंडं असतं, ते बाबांना. या दोन्हींतला गूळ म्हणजे गुला मलाका, माडाच्या रसापासून केलेला, गोव्यातल्या माडाच्या गुळासारखा. ‘गुला’ आणि ‘गूळ’ हे शब्दही भाऊबंदच. डोडोल हा नारळाच्या दुधातला गोड पदार्थ तर गोव्यात आणि इथे त्याच नावानं आणि त्याच गुळानं शिजतो.

तीनच्या सुमारास पाऊस येईल असं धरून चाला, ऑक्टोबरात दुपारी गडगडाट करून कोसळतो. मॅक्सवेल रस्त्यावरच सिटी गॅलरी आहे, फुकट आणि गार, शहराची मोठी प्रतिकृती बघत तास जातो. रविवारी ती बंद असते. किंवा सरळ हॉटेलात जाऊन झोपा. मी तरी झोपेलाच मत देते.

साडेपाचला पुन्हा त्याच लाइननं गार्डन्स बाय द बे, म्हणजे मरीना बेवरची बाग. दोन काचघरांपैकी एकच घ्यायचं तर क्लाउड फॉरेस्ट: ३५ मीटरचा कृत्रिम डोंगर, वरून कोसळणारा धबधबा, भिंतीभर नेचे आणि शेवाळ. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात उभं राहिल्यासारखी गार, ओली हवा. वर लिफ्टनं जायचं आणि उतरत्या वाटेनं खाली यायचं, तरी आईंनी कठड्याला धरूनच चालावं. बाहेरच्या उंच लोखंडी झाडांचा दिव्यांचा आणि संगीताचा खेळ पावणेआठला असतो, फुकट. गवतावर पंचा टाकून आडवे व्हा आणि बघा.

घरी न्यायला ताज्या पानांचा किंवा रोपांचा मोह नको, विमानतळावर अडचण होते. गुला मलाकाच्या दोनचार वड्या मात्र सकाळीच टेक्कातून घेऊन ठेवा. खरी वडी गडद तपकिरी असते, नखानं थोडी खरवडली जाते आणि तिला किंचित धुराचा वास येतो. फार कडक आणि फिकट असेल तर त्यात साखर मिसळलेली असते. उन्हानं ती पाझरते, म्हणून दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका. पुढच्या नारळी भाताला आईंना नेहमीच्या निम्मा गूळ आणि निम्मी ही वडी घालून बघायला सांगा, आणि जायफळ त्या वेळी घालू नका, तो धुराचा वास दबतो.